खाल्ल्या मिठाला जागणारा गंज



यंदा गणपतीला महाप्रसादाच्या रांगेत उभी होते. मागून आवाज आला, "ताई, एक मिनिट. ही गाडी कशी वाटते?" ऑगस्टमध्ये पुण्याहून एम. एस. करायला आलेला मुलगा. फोनवर बारा वर्षं जुन्या गाडीचे फोटो. किंमत खिशाला परवडणारी, इंजिन उत्तम (असं विकणारा म्हणतो) आणि रंग तर असा चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. मी म्हटलं, "रंग फारच छान आहे. म्हणूनच भीती वाटते."

त्याला वाटलं, ताई थट्टा करतेय. पण माझ्या डोळ्यांपुढे माझीच पहिली गाडी आली.

पीएच. डी.च्या पहिल्या वर्षी मी १,८०० डॉलर्सना एक चौदा वर्षांची गाडी घेतली होती. तिचाही रंग असाच ताजा होता. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, रूममेटबरोबर भाजी घेऊन परतत होते. कोपऱ्यावर थांबण्यासाठी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. गाडी थांबेना. हँडब्रेक ओढला आणि चाक उजवीकडे वळवलं. प्लाऊने रस्त्याकडेला रचलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात जाऊन गाडी रुतली. आम्हाला काही झालं नाही. मात्र रूममेट बराच वेळ मांडीवरची भाजीची पिशवी घट्ट धरून बसली होती.

गॅरेजमध्ये गाडी वर उचलली तेव्हा कळलं की ब्रेकची पोलादी नळी गंजून फुटली होती. मेकॅनिकने दाराखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरासा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला! बाहेर आलं ते पिवळा फोम, लांबीचे तुकडे आणि ओंजळभर तांबडा भुगा. त्या चकचकीत रंगाखाली पत्रा उरलाच नव्हता. गंमत अशी की त्या वर्षी मी प्रयोगशाळेत लोखंडाच्या ऑक्साइडवरच काम करत होते. शेरभर गंज अंगणात उभा, आणि मी चिमूटभर गंज सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते!

त्यानंतर या विषयाच्या मागे लागले, आणि लक्षात आलं की आपल्या गाडीखालच्या गंजाला एक मोठा इतिहास आहे. गाडी म्हातारी झाली म्हणून गंजते असं आपण समजतो. तेवढंच खरं असतं, तर ॲरिझोनात तीस वर्षांच्या गाड्या धडधाकट कशा फिरल्या असत्या? गंज हा वयाचा आजार कमी आणि मिठाचा, आकाराचा आणि लपवाछपवीचा जास्त.

मिठापासून सुरुवात करू. आपल्या डेट्रॉईट शहराच्या पोटात, अकराशे फुटांहून अधिक खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. १८९५ मध्ये या मिठाचा शोध लागला आणि १९१० च्या सुमारास खाणकाम सुरू झालं. म्हणजे ज्या शहरात वरती हेन्री फोर्ड गाड्यांचा कारखाना थाटत होते, त्याच शहराच्या तळघरात गाड्यांचा वैरी निजलेला होता. पुराणातल्या गोष्टीत शोभावा असा योग!

सुरुवातीला या दोघांची गाठ पडली नाही. घोड्यांच्या घसरगाड्यांच्या काळात इथे लोक बर्फ काढत नसत. उलट मोठ्या रोलरने तो दाबून घट्ट करत, म्हणजे घसरगाडी छान चालेल. मोटारी आल्यावर बर्फ काढायची गरज पडली. तेव्हाही नांगरासारखे प्लाऊ, वाळू, राख आणि टायरला साखळ्या एवढ्यावर भागत असे. १९४१-४२ च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशर राज्याने रस्त्यांवर मीठ टाकणं हे सर्रास धोरण म्हणून स्वीकारलं. असं करणारं ते पहिलं राज्य. त्या हिवाळ्यात सबंध देशातल्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं होतं.

युद्ध संपलं, उपनगरं पसरली, कामावर जायला गाडी हाच आधार झाला. रस्ता हिवाळ्यातही काळाभोर, कोरडा दिसला पाहिजे असा लोकांचा आग्रह सुरू झाला. १९५५ मध्ये वर्षाला १० लाख टन मीठ लागत होतं. पुढच्या पंधरा वर्षांच्या आत ते जवळजवळ १ कोटी टनांवर गेलं. आज हा आकडा २ कोटी टनांच्या आसपास सांगतात. मिठामुळे अपघात कमी झाले, रुग्णवाहिका वेळेवर पोचू लागल्या, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्याची किंमत पत्र्याने मोजली.

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही! लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते दोन कामं करतं. एक म्हणजे पाण्यातून विद्युतभार सहज वाहू देतं. दुसरं, त्यातला क्लोराइड लोखंडावर जमणारं पातळ संरक्षक कवच फोडतो.

पण गंज नेमका कुठे धरतो हे कोडं उलगडलं ते इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये. १९२० च्या दशकात यूलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाने लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. पाण्यात दोन सूचक रसायनं घातली होती. एक लोखंड विरघळलं की निळं होणारं, दुसरं अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं. आपल्याला वाटेल की थेंबाच्या कडेला हवा जास्त, तर कडेलाच लोखंड खाल्लं जाईल. झालं उलटं. कडा गुलाबी झाली आणि मधोमध, जिथे प्राणवायू कमी पोचत होता, तिथे निळा डाग उमटला. कडेचा प्राणवायू मधल्या लोखंडाचे इलेक्ट्रॉन ओढून घेत होता.

त्या एका थेंबात आपल्या गाडीची सगळी कुंडली आहे. पत्रा सडतो तो उघड्यावर, वाऱ्या-उन्हात असलेल्या भागात नव्हे. तो सडतो चिखलाच्या गोळ्याखाली, दोन पत्र्यांच्या जोडात, दाराच्या तळाशी, रंगाच्या फुगवट्याच्या आत आणि घाईघाईने भरलेल्या लांबीच्या मागे. जिथे आपली नजर आणि हवा दोन्ही पोचत नाहीत, तिथे.

आणि नेमक्या अशाच जागा मोटारीत वाढत गेल्या. सुरुवातीच्या गाड्यांना खाली जाड पोलादी चौकट असे आणि वर लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकलेला असे. पत्रा गंजला तर गाडी कुरूप दिसे, पण मोडत नसे. पुढे चौकट आणि सांगाडा मिळून एकच पोलादी पेटी करण्याची पद्धत आली. अमेरिकेत १९४१ ची नॅश ६०० ही तशी गाजलेली गाडी, आणि पुढच्या चाळीस वर्षांत बहुतेक गाड्या तशाच झाल्या. वजन कमी, जागा जास्त. पण मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्र्याच्या बंद पोकळ्यांवर सगळी गाडी उभी राहिली. आता दाराखालचा पत्रा गंजला, तर ती गाडीची हाडंच ठिसूळ होत होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वजन आणखी घटवण्याची घाई झाली आणि १९७० चं दशक गंजाचं सुवर्णयुग ठरलं!

शेव्हर्ले वेगा ही त्या काळातली छोटी गाडी १९७० मध्ये बाजारात आली. तिच्या सांगाड्याला गंजरोधक रंगाच्या टाकीत बुचकळत असत. पण बुचकळताना पुढच्या मडगार्डमागे हवेची पोकळी अडकून राही आणि रंग तिथे पोचतच नसे. उपडा पेला पाण्यात दाबला तर आत हवा राहते, तसंच. कंपनीला हजारो गाड्यांचे पुढचे पत्रे बदलून द्यावे लागले. ब्रिटनमध्ये १९८० साली लान्चिया बीटा गाडीचं इंजिन ज्या भागावर बसवलेलं असे त्याचे आधारच गंजू लागले, तेव्हा कंपनीला कित्येक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पलीकडे कॅनडात फिल एडमन्स्टन या ग्राहक चळवळीतल्या कार्यकर्त्याने गांजलेल्या मालकांची 'रस्टी फोर्ड ओनर्स असोसिएशन' अशी संघटना काढली. मंडळं काढायची हौस फक्त मराठी माणसालाच असते, असं नाही!

लोकांनी आपापले उपाय शोधले, तेही आपल्या इतिहासाचा भाग आहेत. पूर्वी पत्र्यातले खड्डे वितळवलेल्या शिशाने भरत. त्याची वाफ आणि धूळ विषारी. १९५५ च्या सुमारास रॉबर्ट स्पिंक या गॅरेजवाल्याने पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची पूड मिसळून लांबी तयार केली. तीच आज घराघरात माहीत असलेली 'बाँडो'. खड्डा बुजवायला ती झकास. पण ती थोडं पाणी शोषते. खालचा गंज न काढता वर थापली, तर इव्हान्सच्या थेंबाचा मधला भाग आपण स्वतःच्या हातांनी तयार करतो. १९५९ मध्ये कर्ट झीबार्ट या जर्मनीहून आलेल्या मेकॅनिकने डेट्रॉईटमध्येच पोकळ्यांत गंजरोधक द्रव्य फवारण्याची पद्धत सुरू केली. पत्रा नवा असताना अशी फवारणी उपयोगी. आधीच गंज धरलेल्या पत्र्यावर जाड, सुकणारा थर दिला, की ओल आत कोंडते.

खरा तोडगा मात्र जुनाच होता. तो गाड्यांपर्यंत पोचायला दीडशे वर्षं लागली. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना मारलेल्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. झीज या तुकड्यांनी सोसली आणि तांबं वाचलं. प्रयोग शंभर टक्के यशस्वी! पण तांबं विरघळेनासं झालं, तसा त्याचा विषारी गुणही गेला. जहाजांना शिंपले आणि शेवाळ चिकटू लागलं, वेग मंदावला आणि आरमाराने तुकडे काढून टाकले. पुढे १८३७ मध्ये पॅरिसच्या सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं.

जस्ताची गंमत आपल्या घरातच पाहता येते. रत्नागिरीला आजीकडे विहिरीवर जस्ती बादली होती. दगडावर आपटून तिला चरे पडले, तरी ती वर्षानुवर्षं टिकली. कारण चरा पडला की शेजारचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. याउलट डालड्याच्या डब्याला कथिलाचा मुलामा असे. त्याला ओरखडा गेला की तिथेच भराभर गंज, कारण बाहेरच्या हवेत कथील लोखंडासाठी जीव देत नाही.

मोटारवाल्यांना हे ठाऊक होतं. पण जस्ताचा पत्रा महाग, त्याला वेल्डिंग करणं कटकटीचं आणि त्यावर रंग नीट बसवणं अवघड. १९७५ पासून पोर्शने आपल्या ९११ गाडीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली. १९८६ ची आऊडी ८० पूर्ण जस्ती सांगाड्याची म्हणून गाजली. त्याच दशकात डेट्रॉईटच्या कंपन्याही या वाटेने गेल्या. याला जोड मिळाली विजेच्या साहाय्याने रंग चढवण्याची. फोर्डमधले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रुअर यांच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकात हे तंत्र आलं. सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडायची. रंगाचे कण ओढले जाऊन पत्र्यावर बसतात. जिथे थर बसला तिथे वीज अडते आणि उरलेल्या उघड्या कोपऱ्याकडे वळते. म्हणजे ब्रश पोचत नाही तिथेही रंग आपणहून पोचतो. आधी सांगाडा धन ध्रुवाला जोडत, त्यामुळे थोडं लोखंड विरघळून रंगात मिसळे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ध्रुव उलटे केले आणि रंग कितीतरी पटींनी टिकाऊ झाला. तुमच्या आजच्या गाडीचं दार सहा-सात वर्षांत चाळणीसारखं होत नाही, ते या दोन गोष्टींमुळे.

मग प्रश्न संपला का? नाही. वरचा पत्रा सुधारला, तसं दुखणं खाली सरकलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २००७ आणि त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना इशारा दिला, की मिठाच्या राज्यांत ब्रेकच्या नळ्या गंजून फुटू शकतात, गाडी खालून धुवा आणि नळ्या तपासून घ्या. तो इशारा वाचताना माझ्या पायाला ते तळाला गेलेलं पेडल पुन्हा जाणवलं. २०१६ मध्ये टोयोटाने सुमारे १५ लाख ट्रक आणि मोठ्या गाड्यांच्या गंजलेल्या चौकटींबद्दल ३.४ अब्ज डॉलर्सपर्यंतची तडजोड मान्य केली. त्यातच अलीकडे रस्त्यांवर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडचं पाणीही फवारतात. साधं मीठ हवेत ७५ टक्के आर्द्रता असेल तरच ओलं होतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात. म्हणजे गाडी कोरडी दिसते, पण तिच्या खाली ओल टिकून असते.

आणि एक गोष्ट नव्याने आलेल्यांना कुणी सांगत नाही. आपल्या मिशिगनमध्ये दरवर्षी गाडी तपासून घेण्याची सक्ती नाही. तेव्हा तपासणी आपली आपणच करायची.

गाडी घेताना रंगावर भाळू नका. ती आधी कोणत्या राज्यात फिरली ते कागदपत्रांत पाहा. फ्रिजवरचं साधं लोहचुंबक पातळ कपड्यात गुंडाळून चाकांवरच्या कमानीवर आणि दाराखाली फिरवा. एका बाजूला चिकटतं आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी गळून पडतं, तर आत लांबी आहे असं समजा. (काही गाड्यांत तो भाग मुळातच प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, म्हणून दोन्ही बाजू ताडून पाहा.) गालिचा उचलून तळ बघा. आणि पैसे देण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी वर उचलून ब्रेकच्या नळ्या दाखवून घ्या. विकणारा याला नाही म्हणाला, तर आपणही गाडीला नाही म्हणावं.

गाडी घेतल्यावर रंगाला फुगवटा दिसला, तर तो फुटायची वाट पाहू नका. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंग उचलतो. तो भाग काचकागदाने चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत घासा. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचं किंवा टॅनिनचं द्रावण मिळतं. टॅनिनने गंज काळा होतो आणि स्थिर होतो. हा काळा रंग आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तिच्यातही टॅनिन आणि लोखंडाचीच जोडी. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. मात्र चौकट, सीटबेल्टचे आधार किंवा दाराखालची पोकळी गंजली असेल, तर लांबी थापू नका. तिथे वेल्डिंगच हवं, नाहीतर त्या गाडीला नमस्कार करावा.

हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेलेला दिवस बघून गाडी खालून धुऊन घ्या आणि दाराखालची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवा. दर ऑक्टोबरमध्ये खालून न सुकणाऱ्या तेलाची फवारणी करून घेतली तर उत्तम. माझी आजी विळी वापरून झाली की धुऊन, कोरडी पुसून, तेलाचा हात लावूनच भिंतीला टेकवायची. खाऱ्या वाऱ्याच्या गावात तिची विळी पन्नास वर्षं टिकली. तिने इव्हान्सचं नाव ऐकलं नव्हतं, पण मीठ, ओल आणि लोखंड यांचा संसार तिला पक्का माहीत होता.

आता त्या मुलाचं काय झालं ते सांगते. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं ती गाडी पाहायला गेलो. माझ्या पर्समध्ये स्वयंपाकघरातलं गणपतीचं लोहचुंबक होतं. डावीकडे ते टणकन चिकटलं. उजवीकडे मागच्या चाकावर ठेवलं आणि सरळ खाली पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मुलगा काही बोलला नाही. त्याने ते उचललं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. विकणाऱ्याचे आभार मानून आम्ही निघालो.

तीन आठवड्यांनी त्याने दुसरी गाडी घेतली. रंग उडालेली, बॉनेटवर गारांचे खड्डे, पण खालून कोरडी ठणठणीत. दिवाळीच्या कार्यक्रमाला तीच गाडी खुर्च्या वाहून आणणार आहे. कुणी तिच्या रूपाला हसू नये, ही विनंती.

ते लोहचुंबक मी आता मंडळाच्या सामानाच्या पेटीत ठेवलं आहे. ज्यांना गाडी घ्यायची असेल त्यांनी मागून न्यावं, आणि आठवणीने परत आणून द्यावं.